इंग्रजीतलं ‘गेट’ : मराठी माणसाने ते कसं शिकावं

संध्याकाळच्या माझ्या इंग्रजी वर्गात वेगवेगळी माणसं येतात. कुणी नुकती नर्सिंग संपवलेली मुलगी असते, कुणी मेडिकलचं दुकान चालवणारा, कुणी सून आणि नातवंडं परदेशी असल्यामुळे उतारवयात इंग्रजी शिकायला आलेल्या आजी. सगळ्यांचा कुठे ना कुठे अडकण्याचा एक ठिकाणा ठरलेला आहे, आणि तो म्हणजे ‘गेट’. शब्द तीन अक्षरांचा, शाळेत पाचवीपासून ऐकलेला, तरीही नेमका तोंडात येत नाही. शब्दकोश उघडला की अर्थांची यादी पानभर पसरते: मिळवणे, होणे, पोहोचणे, समजणे, आणणे, लागणे. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात, चार दिवस पाठ करतात आणि पाचव्या दिवशी बोलताना पुन्हा ‘गेट’ टाळून जातात.

‘गेट’ यादीने शिकता येत नाही, असं माझं अनुभवाने झालेलं ठाम मत आहे. त्याच्या मुळाशी एकच कल्पना आहे, आणि ती मराठी कानाला परकी नाही. आपल्या भाषेतल्या काही नेहमीच्या वाक्यांचा हात धरला, तर ‘गेट’चा अर्धा रस्ता आपण आधीच चाललेलो असतो. म्हणून ही वाट मी मराठीतूनच दाखवणार आहे.

पहिली पायरी : यादी बाजूला ठेवा, उंबरठा लक्षात ठेवा

आधी ‘गेट’ सोडून दोन सोपी क्रियापदं घ्या, ‘बी’ आणि ‘हॅव’. ‘आय ॲम अँग्री’ म्हणजे मी रागावलेला आहे. ‘आय हॅव अ जॉब’ म्हणजे मला नोकरी आहे. ‘शी इज ॲट होम’ म्हणजे ती घरी आहे. ही तिन्ही वाक्यं स्थिती सांगतात. त्या स्थितीत तुम्ही आत आहात, पण आत कधी आलात हे ती सांगत नाहीत.

आत येण्याचा तो क्षण म्हणजे ‘गेट’. ‘आय गॉट अँग्री’ म्हणजे मला राग आला. ‘आय गॉट अ जॉब’ म्हणजे नोकरी लागली. ‘शी गॉट होम’ म्हणजे ती घरी पोहोचली. आधी नव्हतं, आता आहे, आणि मधला उंबरठा ओलांडला तो ‘गेट’ने. नवीन वाक्य भेटलं की स्वतःला एवढंच विचारा: कुठली गोष्ट आधी नव्हती आणि आता आहे? बहुतेक वेळा अर्थ आपोआप उलगडतो.

आता आपल्याकडे हाच उंबरठा कसा ओलांडला जातो ते पाहा. सर्दी होते, ताप येतो, माणूस आजारी पडतो, भूक लागते, नोकरीही लागते, पत्र येतं, बक्षीस मिळतं, केस पांढरे होतात, गाडी गावाला पोहोचते. प्रत्येक गोष्टीला मराठीने वेगळं क्रियापद दिलंय आणि आपण ते जन्मापासून अचूक वापरतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा, ‘ताप होतो’ का नाही आणि ‘सर्दी येते’ का नाही हे समजून घेताना त्याची किती दमछाक होते! इंग्रजीने या सगळ्या जागी एकच शब्द ठेवला. आपल्याला दहा शब्द शिकायचे नाहीत, दहांच्या जागी एक वापरायचाय. हे सोपं आहे, फक्त सवयीचं नाही.

दुसरा फरक कर्त्याचा. मराठीत ‘मला सर्दी झाली’, ‘मला राग आला’, ‘मला पत्र मिळालं’. राग, सर्दी, पत्र ही वाक्याची मालक, आणि आपण ‘मला’ होऊन एका कडेला उभे. इंग्रजीत ‘आय’ पुढे येतो: ‘आय गॉट अ लेटर’. त्यामुळे वर्गात मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते: मराठीत ‘मला’ असेल आणि काहीतरी नव्याने घडलं असेल, तर इंग्रजीत ‘आय’ने सुरुवात करून ‘गेट’ लागतं का ते पाहा.

इथे एक खड्डा आहे, आणि मराठी माणूस त्यात हमखास पडतो. डॉक्टरांकडे जाऊन आपण म्हणतो, ‘मला सर्दी झालीय.’ क्रियापद भूतकाळी दिसतं, पण सांगायचं असतं आत्ताचं. ‘मला भूक लागली’ म्हणजे आत्ता भूक आहे. याचं शब्दाला शब्द ठेवून ‘आय गॉट हंग्री’ केलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल कालपरवाची हकीकत सांगताय. आत्ताच्या भुकेला ‘आय ॲम हंग्री’, आत्ताच्या सर्दीला ‘आय हॅव अ कोल्ड’. भूक हळूहळू लागायला लागली असेल तर ‘आय ॲम गेटिंग हंग्री’. मराठीतल्या ‘लागली’, ‘झाली’, ‘आला’ या रूपांकडे न पाहता, मी उंबरठ्यावर आहे की घरात, एवढं बघायचं.

दुसरी पायरी : हा शब्द आला कुठून ते ऐका

शब्दाचं मूळ कळलं की तो लक्षात राहतो, म्हणून थोडं मागे जाऊ. इसवी सन 793 मध्ये उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर नॉर्वे-डेन्मार्ककडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग दर्यावर्दींनी हल्ला केला. पुढे 865 मध्ये त्यांचं मोठं सैन्य उतरलं, आणि लुटून परत जाण्याऐवजी पुष्कळ जण तिथेच स्थायिक झाले. शेती करू लागले, स्थानिक घरांत लग्नं झाली. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या शेवटी जो ‘बी’ आहे तो त्यांचाच, त्याचा अर्थ वाडी किंवा गाव. त्यांची भाषा होती जुनी नॉर्स. तिच्यात ‘गेता’ असं क्रियापद होतं, अर्थ मिळवणे, गाठणे. साधारण 1200 च्या सुमारास ते इंग्रजी लिखाणात दिसू लागतं.

इंग्रजीत या शब्दाचा सख्खा भाऊ आधीपासून होता, पण एकटा फिरत नव्हता. ‘फरगेट’सारख्या जोडशब्दांत दडलेला होता. जुन्या इंग्रजीत त्यातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’च्या जवळ जायचा. आज आपण ‘गेट’ असा खणखणीत ‘ग’ म्हणतो तो नॉर्स लोकांच्या तोंडचा. ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’ एवढंच काय, ‘दे’ आणि ‘देम’सुद्धा तिकडूनच आले. पाहुण्यांकडून भांडी उसनी घेणं वेगळं आणि सर्वनामं घेणं वेगळं. दोन्ही लोक किती मिसळून राहिले असतील हे त्यावरून कळतं.

आणखी मागे गेलं तर या शब्दाच्या मुळाचा अर्थ पकडणे असा निघतो. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून पकडण्याचं क्रियापद तयार झालं आणि त्यातून फिरत फिरत इंग्रजीत ‘प्रिझन’ आणि ‘अप्रेंटिस’ आले: एकात माणूस पकडलेला, दुसऱ्यात माणूस विद्या पकडणारा. आपलं ‘मिळणे’ मात्र संस्कृतातल्या ‘मिल्’ धातूचं, म्हणजे भेटणे, एकत्र येणे. नदी समुद्राला मिळते ती याच अर्थाने. आणि विदर्भात किंवा खेड्यापाड्यांत ‘बाजारात भाजी भेटली’, ‘पैसे भेटले’ म्हणतात ना, त्याला शहरातली माणसं उगाच अशुद्ध ठरवतात. ती माणसं ‘मिळणे’चा मूळ अर्थच दुसऱ्या शब्दाने बोलत असतात. वस्तू आपल्याला भेटते ही मराठीची समजूत, आणि माणूस वस्तू पकडतो ही ‘गेट’ची. वर सांगितलेला ‘मला’ आणि ‘आय’चा फरक या चित्राशी जोडून ठेवा, विसरणार नाही.

आइसलँडमध्ये जुन्या नॉर्सची लेक असलेली भाषा अजून बोलतात. तिथे ‘गेता’ या क्रियापदाचा अर्थ आज ‘शकणे’ असा आहे. हे लक्षात ठेवा, चौथ्या पायरीवर उपयोगी पडेल.

तिसरी पायरी : रूपं आणि उच्चार

रूपं फारशी नाहीत. ‘गेट’, ‘गेट्स’, ‘गेटिंग’, आणि भूतकाळी ‘गॉट’. लिहिताना ‘गेटिंग’मध्ये टी दोनदा येतो, इथे चुका फार होतात. पूर्वी भूतकाळ ‘गॅट’ असाही होता, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये तो सापडतो. आज तो बोलण्यातून गेला आहे.

तिसरं रूप ब्रिटनमध्ये ‘गॉट’ आणि अमेरिकेत पुष्कळदा ‘गॉटन’. ‘गॉटन’ ही अमेरिकी लोकांनी केलेली मोडतोड आहे असा समज आपल्याकडेही आहे. तो चुकीचा. ते जुनं इंग्रजी रूप आहे, स्थलांतर करणाऱ्यांबरोबर अटलांटिक ओलांडून गेलं आणि तिकडे टिकलं. ब्रिटनमध्येच ते मागे पडलं, पण ‘फरगॉटन’मध्ये तिथेही जिवंत आहे. मुलं-नातवंडं अमेरिकेत असतील तर त्यांच्या बोलण्यातला एक बारकावा टिपून ठेवा. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतलीय, मिळवलीय. एक स्थिती, दुसरा उंबरठा.

‘हॅव गॉट’ या जोडीने अनेकांचा गोंधळ होतो. दिसायला भूतकाळ, अर्थाने वर्तमानकाळ. ‘मी मिळवलंय’ असं म्हणता म्हणता ‘माझ्याकडे आहे’ असा अर्थ घट्ट झाला. ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’ म्हणजे मला दोन बहिणी आहेत, मी त्या कुठून मिळवलेल्या नाहीत. बोलताना ‘आय हॅव’ आक्रसून ‘आय’व्ह’ होतं.

उच्चाराबद्दल एकच, पण महत्त्वाचं. देवनागरीत दरवाजाचा ‘गेट’ आणि हे क्रियापद आपण सारखंच लिहितो, म्हणून सारखंच म्हणतो. इंग्रजीत ते सारखे नाहीत. दरवाजाचा ‘गेट’ म्हणताना स्वर लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो, जवळपास ‘गेइट’. क्रियापदाचा स्वर आखूड, टिचकी मारल्यासारखा. शिवाय ‘ट’ म्हणताना जीभ आपल्या ‘ट’सारखी मागे वळवू नका, वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला टेकवा. अमेरिकी माणूस ‘गेट इट’ जोडून म्हणतो तेव्हा ते ‘गेडिट’सारखं ऐकू येतं. सुनेशी फोनवर बोलताना ‘गेडिट’ कानावर पडून एका आजींना वाटलं होतं हा नवाच शब्द आहे. त्यांनी तो वहीत लिहूनही ठेवला होता, आणि मला तो कान फार आवडला. ऐकू आलं तसं लिहून ठेवणारा माणूस भाषा शिकतोच.

चौथी पायरी : मराठीच्या साच्यांत ‘गेट’ बसवा

आता खरं काम. पुढचे साचे एकेक करून घ्या, एका दिवशी एकच.

सर्वांत सोपा साचा वस्तूचा: ‘गेट’ आणि पुढे नाम. ‘आय गॉट अ गिफ्ट’, मला भेट मिळाली. ‘व्हेअर डिड यू गेट धिस सारी?’, ही साडी कुठे घेतलीस? म्हणजे विकत घेणंही यातच आलं. कुणासाठी आणून देणंही: ‘गेट मी सम वॉटर’, मला पाणी आणून दे. दारावरची बेल वाजली आणि कुणी म्हणालं ‘आय विल गेट इट’, तर त्याचा अर्थ मी बघतो.

दुसरा साचा विशेषणाचा: ‘गेट’ आणि पुढे ‘टायर्ड’, ‘ओल्ड’, ‘डार्क’, ‘बेटर’. इथे मराठीत ‘होणे’, ‘जाणे’, ‘पडणे’ असतं. ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडायला लागला. ‘हिज हेल्थ इज गेटिंग बेटर’, प्रकृती सुधारतेय. ‘चालणे’ लावून आपण जे म्हणतो, ‘महागाई वाढत चाललीय’, ‘दिवस मोठे होत चाललेत’, त्या सगळ्याला ‘गेटिंग’ अगदी नीट बसतं.

तिसरा ठिकाणाचा, म्हणजे पोहोचणे. ‘वी गॉट टु पुणे ॲट सिक्स.’ गावाच्या नावाआधी ‘टु’ लागतो. पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी लागत नाही. मराठीत पाहा: ‘पुण्याला पोहोचलो’, पण ‘घरी पोहोचलो’, ‘इथे पोहोचलो’. घराला आपणही ‘ला’ लावत नाही. तोच न्याय.

चौथा साचा मला सर्वांत प्रिय आहे, कारण इथे मराठी आणि इंग्रजी अगदी खांद्याला खांदा लावून चालतात. मराठीत आपण स्वतः केलेलं काम आणि दुसऱ्याकडून करवलेलं काम ‘घेणे’ लावून वेगळं दाखवतो: केस कापून घेतले, फोन दुरुस्त करून घेतला, रक्त तपासून घेतलं. इंग्रजीत याच जागी ‘गेट’ बसतं. ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘आय गॉट द फोन रिपेअर्ड.’ क्रम असा: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तुम्ही स्वतःच कात्री चालवलीत असा अर्थ होतो. घरमालकाला परदेशात नळाबद्दल सांगायचं असेल, गाडीची सर्व्हिसिंग करायची असेल, कागदपत्रांची नोटरी करायची असेल, तर हा साचा रोज लागतो आणि पाठ्यपुस्तकांत मात्र मागच्या धड्यांत लपलेला असतो. तो आधी शिका.

माणसाकडून काम करून घ्यायचं असेल, तर मध्ये माणूस आणि मग ‘टु’: ‘आय गॉट हिम टु साइन’, त्याच्याकडून सही करून घेतली. यात थोडी मनधरणी, थोडी युक्ती असते. ‘आय मेड हिम साइन’ म्हटलं तर जबरदस्ती येते, सही करायला लावली. ‘करून घेणे’ आणि ‘करायला लावणे’ यांत आपण जो फरक करतो तोच हा, आणि ‘मेड’बरोबर ‘टु’ येत नाही.

पाचवा साचा: ‘गेट टु’ आणि पुढे क्रियापद. आता आइसलँडचं ‘शकणे’ आठवा. ‘वी गॉट टु सी द फोर्ट’ म्हणजे किल्ला पाहायला मिळाला. ‘आय नेव्हर गॉट टु मीट हर’, तिला भेटायला मिळालंच नाही. आपलं ‘मिळणे’ आणि त्यांचं ‘गेट’, एकाचा जन्म भेटण्यातून, दुसऱ्याचा पकडण्यातून, आणि संधी मिळाली हे सांगायला दोघंही क्रियापदाला जाऊन चिकटले. विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवलं की तो साचा पुन्हा शिकवावा लागत नाही. फक्त ‘हॅव गॉट टु’ वेगळं आहे हे विसरू नका. ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला जायलाच हवं. अमेरिकी बोलण्यात यातला ‘हॅव’ गळून पडतो, तेव्हा ‘जायला मिळालं’ की ‘जायलाच हवं’ हे प्रसंगावरून ठरवावं लागतं.

उरला तो सोसण्याचा साचा. ‘माय वॉलेट गॉट स्टोलन’, पाकीट चोरीला गेलं. ‘दे गॉट मॅरिड’, त्यांचं लग्न झालं. आपण ‘मार खाल्ला’, ‘बोलणी खाल्ली’ म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी यात आहे: घटना आपल्यावर येऊन पडली.

पाचवी पायरी : शेपट्या

‘गेट’ला ‘अप’, ‘ऑन’, ‘थ्रू’ अशा शेपट्या जोडल्या की अर्थ बदलतो. त्या शेकड्याने पाठ करू नका. रोज लागतात त्या आधी, आणि त्यांत सर्वांत आधी वाहनाच्या.

बस, रेल्वे, विमान, बोट यांत ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा यांत ‘गेट इन’ आणि उतरताना ‘गेट आउट’. ढोबळ खूण अशी: ज्यात उभं राहून दोन पावलं चालता येतं ते ‘ऑन’, ज्यात वाकून बसावं लागतं ते ‘इन’. सायकल, स्कूटर, घोडा यांच्या वर बसतो म्हणून तेही ‘ऑन’. आपण सगळे म्हणतो ते ‘गेट डाउन ॲट दादर’ हे ‘उतरणे’मधून भारतीय इंग्रजीत आलेलं रूप. देशात बोलताना त्याची लाज बाळगू नका, सगळ्यांना कळतं. लंडनला किंवा शिकागोला मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. तिथे ‘गेट डाउन’ म्हणजे खाली वाक किंवा वरून खाली ये असं ऐकू जाईल.

बाकीच्या शेपट्यांना मी मराठी जोड्या लावून देते, कारण व्याख्येपेक्षा जोडी पटकन बसते. फोन लागत नाही: ‘आय कान्ट गेट थ्रू’. आमचं चांगलं जमतं: ‘वी गेट अलाँग’. थोडक्यात भागतं: ‘वी गेट बाय’. करायचं होतं पण मुहूर्तच लागला नाही: ‘आय नेव्हर गॉट अराउंड टु इट’. एवढं करूनही त्याला ते पचलं: ‘ही गॉट अवे विथ इट’. मला मुद्दा पोहोचवता आला नाही: ‘आय कुडन्ट गेट इट अक्रॉस’. ‘गेट ओव्हर’ला मात्र जपून. आजारातून बरं होण्याला ते चालतं, पण दुःखात असलेल्या माणसाला ‘गेट ओव्हर इट’ म्हणणं म्हणजे ‘आता पुरे कर’ असं तोंडावर म्हणणं. अर्थ माहीत असूनही हे कुणाला बोलू नये.

कचेरीतली एक गोष्ट. ‘कळवतो’ यासाठी आपल्याकडे ‘आय विल रिव्हर्ट’ रुजलंय. भारताबाहेर पुष्कळांना त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा लागतो. ‘आय विल गेट बॅक टु यू’ सगळीकडे समजतं.

सहावी पायरी : आपल्या खास चुका

या चुका अज्ञानाच्या नाहीत, मराठी पक्की असल्याच्या आहेत. म्हणून त्या दुरुस्त करताना मी विद्यार्थ्याला कधी हसू देत नाही.

आपण कर्म सहज गाळतो. ‘पार्सल मिळालं का?’ ‘हो, मिळालं.’ त्यातून ‘यस, आय गॉट’ येतं आणि वाक्य लंगडं राहतं. ‘आय गॉट इट’ म्हणावं लागतं. ‘गेट’च्या पुढे वस्तू नसेल तर निदान ‘इट’ हवंच.

‘रमेशशी लग्न झालं’ यातल्या ‘शी’मुळे ‘गॉट मॅरिड विथ’ होतं. इंग्रजीत तिथे ‘टु’ आहे: ‘गॉट मॅरिड टु’.

‘मला उशीर होतोय’ यातून ‘आय ॲम गेटिंग लेट’. घड्याळ पुढे चाललंय तेव्हा ‘इट इज गेटिंग लेट’. स्वतःला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’.

‘मला बोअर होतंय’ हे मराठीत ठीक, पण त्याचं ‘आय ॲम गेटिंग बोअर’ करू नका. ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणारा माणूस. ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’.

आणि ‘कळत नाहीये’साठी ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’. समजण्याच्या अर्थी ‘गेट’ साध्या रूपात वापरा: ‘आय डोन्ट गेट इट’. परक्या किंवा मोठ्या माणसाला त्याहून सौम्य, ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड’.

सातवी पायरी : कुठे वापरू नये

मराठीत शेजाऱ्याला आपण म्हणतो ‘तुमची चिठ्ठी मिळाली’, आणि सरकारी पत्रात लिहितो ‘आपले पत्र प्राप्त झाले’. इंग्रजीतही असे दोन थर आहेत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंचचा शिरकाव झाला. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ हे त्या वाटेने आलेले, त्यामुळे त्यांना आजही कागदपत्राचा वास आहे. ‘गेट’ घरातलं. अर्ज, अहवाल, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला निबंध लिहिताना ‘रिसीव्ह’ किंवा ‘बिकम’ घ्या. त्याच परीक्षेच्या तोंडी भागात मात्र ‘गेट’ मोकळेपणाने येऊ द्या. तिथे ‘आय ऑब्टेन्ड अ हेअरकट’ छापाचं बोलणं कानाला खटकतं.

आणि रोजचा सराव

महिनाभर रोज रात्री पाच वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत, त्या दिवशी घरात खरोखर बोललेली मराठी वाक्यं घ्या आणि ‘गेट’ने इंग्रजीत आणा. सुरुवातीला ही सहा करून पाहा: काल मी दहा वाजता घरी पोहोचलो. आईचे डोळे तपासून घ्यायचेत. फोन लागत नाहीये. ऊन वाढत चाललंय. या वेळी आजोबांना भेटायला मिळालं नाही. मला सर्दी झालीय.

उत्तरं लिहून झाल्यावरच पुढचं वाचा. ‘आय गॉट होम ॲट टेन यस्टर्डे.’ ‘आय नीड टु गेट मदर्स आइज टेस्टेड.’ ‘आय कान्ट गेट थ्रू.’ ‘इट इज गेटिंग हॉटर.’ ‘आय डिडन्ट गेट टु सी ग्रँडफादर धिस टाइम.’ आणि सहाव्याला तुम्ही ‘आय गॉट अ कोल्ड’ लिहिलं असेल, तर पहिल्या पायरीवरचा खड्डा पुन्हा एकदा वाचा: सर्दी आत्ता आहे, तुम्ही उंबरठा केव्हाच ओलांडलाय, म्हणून ‘आय हॅव अ कोल्ड’.